झेंड्यापासून दोन पावलं

भागवत, तुझी गोल्फची काठी सध्या माझ्याकडे आहे. काल तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी निघताना वहिनींनी ती दाराआडून काढून माझ्या हातात दिली. "भाऊजी, हे तुम्ही ठेवा. मले हिचं काय कळते?" मी म्हणालो, वहिनी, मी तर कधी खेळलो नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मले. ते म्हणायचे ना, आमचा बीएस्सी फक्त समुद्र पाहते."

वहिनी साधं बोलल्या. मी मात्र काठी घेऊन शनवाऱ्यातल्या माझ्या घरापर्यंत चालत आलो तो मान खाली घालून. समुद्राची ती गोष्ट तू गेल्या सात वर्षांत निदान शंभर जणांना सांगितली असशील. दर वेळी शेवटी माझ्याकडे वळून विचारायचास, "खरं सांग बे, तुले तो बॉल दिसलाच नव्हता?" आणि दर वेळी मी म्हणायचो, नाही रे, मी समुद्राकडे बघत होतो.

त्याचंच उत्तर द्यायला बसलोय. पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून येतो.

कारखाना नवा होता. कागदाचं मशीन नीट शिकून या म्हणून साहेबांनी दोघांना स्कॉटलंडला धाडलं. तू डोईफोडियाचा, कपाशीवाल्याचा पोरगा, मॅट्रिक फिटर. मी बीएस्सी, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. माझे वडील जन्मभर जिनात कापसाच्या गाठी बांधत राहिले, आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत नागपूरहून पदवी घेऊन आलो. याचा मला अभिमान होता, आजही आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्या अभिमानात तुझ्यासाठी थोडी जागा कमी ठेवली होती. बोटीवर तू चमच्याला बाजूला सारून हाताने भात कालवलास तेव्हा मी पलीकडच्या टेबलावर जाऊन बसलो. तू जेवून झाल्यावर माझ्यासाठी चहा घेऊन आलास.

आपण निघालो तेव्हा आपल्या बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती, मागे राज्यं नव्याने आखली गेली, आणि परत आलो तेव्हा भोपाळ झाली होती. तू हसून म्हणाला होतास, "आपण घर सोडलं नाही बे, घरानेच आपल्याले सोडलं." पण ते नंतरचं.

ते गाव समुद्राला लागून होतं. कागदाची मिल, एक चर्च, एक बेकरी, आणि गाव संपलं की वाळूच्या टेकाडांवर पसरलेलं मोठं कुरण. आखूड गवत, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, मेंढ्या चरतायत, बाया धुतलेले कपडे वाळत घालतायत, त्यातूनच लोक समुद्रावर जातायत. पहिल्या शनिवारी आपण तिकडे फिरायला गेलो आणि तू म्हणालास, "हे तर आपलं गायरान झालं." मलाही तसंच वाटलं. लाल झेंडा रोवलेला दिसला, तो मेंढपाळाचा असेल असं समजून आपण पुढे गेलो.

तू माकडटोपी घातली होतीस. वरून मफलर, त्यावर वहिनींनी दिलेलं घोंगडं. मी सूट घातला होता, त्या वाऱ्यात दात वाजत होते, पण सूट होता. मी तुझ्यापासून जरा अंतर ठेवून चाललो होतो. तुला ते कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं.

तेवढ्यात टेकाडावरून एक पांढरा बॉल आला, गवतावर टप्पा खाल्ला, घरंगळला आणि झेंड्याजवळ थांबला. पलीकडून कोणी दिसत नव्हतं. तू म्हणालास, "कोणाचा तरी हरपला." आणि मी काही म्हणायच्या आत तू वाकून तो उचललास, पँटला पुसलास, आणि टेकाड चढून पळत सुटलास. दोन्ही हातांच्या ओंजळीत बॉल, मागे घोंगडं उडतंय.

मी टेकाडावर पोचलो तेव्हा समोर वीस-पंचवीस माणसं गप्प उभी होती. सगळ्यांच्या पुढे लाल मिशांचा टॅम, गावचा पोस्टमन. तू त्याच्यापुढे उभा राहून ओंजळ पुढे केली होतीस, देवळात प्रसाद देतात तशी, आणि तुझ्या इंग्रजीत म्हणत होतास, "युवर बॉल, सर. आय फाउंड."

तो त्यांच्या वर्षाच्या कपाचा शेवटचा सामना होता. टॅम आणि गिब. गिब म्हणजे बेकरीवाला, जाडा, पांढऱ्या भुवयांचा, वीस वर्षं खेळत होता आणि कप एकदाही घरी नेला नव्हता. दोघं बरोबरीत होते आणि दोनच होल, म्हणजे झेंड्याखालचे बॉल घालायचे खड्डे, उरले होते. टॅमने टेकाडावरून आंधळा फटका मारला होता आणि त्याचा बॉल कुठे पडला हे जगात फक्त दोघांनी पाहिलं होतं. एक तू.

दुसरा मी.

तू त्यांना पलीकडे घेऊन आलास आणि बोट दाखवलंस. झेंड्यापासून दोन पावलं. गर्दीत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, फार चांगली जागा सापडली बुवा. कोणीतरी हसलं. टॅम लाल झाला, म्हणाला, मला ही जागा नको, आपण परत मारू. मग गिब माझ्याकडे वळला. माझ्या सुटाकडे पाहिलं त्याने, आणि अगदी अदबीने विचारलं, साहेब, तुम्ही तिथेच होतात. तुम्ही पाहिलात का?

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगतो. भांडण होईल. मिलमध्ये कळेल. आपल्याला परत धाडतील. हे सगळं आलं, पण ते मागून. सगळ्यात आधी आलं ते असं, की हे लोक मला या घोंगडीवाल्याच्या जोडीचा समजतील.

मी म्हणालो, माफ करा, मी समुद्राकडे बघत होतो.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू नुसता गोंधळलास.

गिबने मग तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, याने पाहिलंय ना, मग झालं. जिथून उचललास तिथे ठेव बाबा. तू खाली बसलास, तुझी खूण शोधलीस, बॉल ठेवलास. गिब मागे गेला आणि त्याने आपला फटका मारला. त्याचा बॉल झेंड्यापासून पंधरा पावलं लांब पडला. टॅमने एका टोल्यात बॉल आत घातला. तो होल टॅमचा, शेवटचा होल बरोबरीत, कप टॅमचा. एका परक्या माणसाच्या शब्दावर गिबने वीस वर्षांची वाट जाऊ दिली, आणि तू म्हणायचास तसं, "त्यानं तोंडसुद्धा वाकडं नाही केलं बे."

आपण बाहेर कुंपणापाशी उभे राहिलो. मी म्हणत होतो, चल, निघू या. तू म्हणत होतास, माफी मागून जाऊ. एवढ्यात खेळणाऱ्यांच्या लाकडी क्लबघराच्या दारात गिब आला आणि ओरडला, "आत या की. आमच्या टेबलावर दोघं कमी पडतायत."

आत गेलो तर टेबल भरलेलं होतं. दोन माणसं उठून भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा आपल्याला खुर्च्या मिळाल्या. एका म्हातारीने तुझं घोंगडं शेकोटीसमोर शेकायला टाकलं. आणि जेवणाआधी गिबने विचारलं, तुम्ही कशाची चरबी खात नाही? तू सांगितलंस, कशाचीच नाही. त्याच्या पावात चरबी असायची. त्याने तो पाव तुझ्यासमोरून उचलला आणि बटाटे आणले. पुढच्या शनिवारी त्याने आपल्या दोघांसाठी लोण्यात वेगळा पाव भाजून आणला. मग वर्षभर दर शनिवारी, वेगळी ताटली, वर फडकं. तूसुद्धा काही कमी नाहीस. वहिनींनी डब्यात दिलेला दराबा, आपल्याकडची ती तुपात फेटलेली मिठाई, तू पुरवून पुरवून ठेवला होतास, मलाही चमचाभर द्यायचास, तो अख्खा डबा नेऊन त्याच्यापुढे ठेवलास. बेकरीवाला तो. एक घास खाऊन त्याने डोळे मिटले आणि विचारलं, हे किती वेळ फेटलंय? तू म्हणालास, माझी बायको हात दुखेपर्यंत फेटते. तो म्हणाला, मग तिला सांग, स्कॉटलंडमध्ये एका माणसाला ते कळलं.

मी आपला समजत होतो की गोल्फ हा साहेबांचा खेळ. आपल्याकडे कलेक्टर आणि त्याचे पाहुणे खेळायचे म्हणे. तिथे पोस्टमन खेळत होता, बेकरीवाला खेळत होता, मिलमधला तुझ्याच हुद्द्याचा फिटर खेळत होता. टॅमने आपले जुने बूट तुला दिले, मापात बसले. कधीही गेलं तरी कोणी तरी म्हणायचंच, "या, आम्हाला एक कमी पडतोय." चौघं असले तरी म्हणायचे. तुला वर्षअखेरपर्यंत कळलं नाही की ते कधीच कमी पडत नव्हते. मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, पण मी आत सुटात बसून चहा पीत राहिलो. उसनी काठी धरायला मला कमीपणा वाटायचा. त्याहून खरं म्हणजे, गिबच्या समोर मैदानावर उभं राहायची माझी छाती नव्हती.

निघायच्या दिवशी गिबने तुला ही काठी दिली.

बुऱ्हाणपुरात आल्यावर तू जे केलंस त्यावर सगळे हसले, मीही हसलो. राजघाटाच्या पलीकडे, तापीच्या वाळवटीवर, तुपाचे रिकामे डबे पुरलेस. तुराटीला लाल चिंधी बांधून झेंडे केलेस. पाच होल. सहावा करणार होतास, पण तिथे डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी होती. वाडीवाला ओरडायचा, "ओ फिटर, तुमची कोंबडी आमच्या वेलात अंडं देऊन गेली." तू जाऊन अंडं घेऊन यायचास आणि त्याच्याबरोबर एक डांगर खाऊन यायचास. दर नव्या वर्षाला गिबकडून चार बॉल यायचे. ते तू वर्षभर पुरवायचास.

त्याच दिवसांत तहसील कचेरीत श्रीवास्तवजी आले, रीवाकडचे. आपले लोक त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. फायली हिंदीत झाल्या याचा राग सगळ्यांना होता, आणि तो त्या एका माणसावर निघत होता. मी त्यांची नक्कल चांगली करायचो. संध्याकाळी ते घाटावर एकटे बसायचे. एक दिवस तू वाळवटीवरून हाक मारलीस, "आइए साहब, हमको एक कम पड़ रहा है." ते म्हणाले, "हमें तो आता नहीं." तू म्हणालास, "हमको भी कहाँ आता है. ये बीएस्सी है, इसको तो देखना भी नहीं आता."

ते आले. पहिल्या फटक्यात अर्धी तापी उडवली. तुझ्या घरी जेवले. तेव्हापासून त्यांची नक्कल करणं मला जमेना.

मी याहून वाईट जे केलंय ते आता सांगतो.

तुझी इंग्रजी पत्रं मी लिहायचो. तू बोलायचास, मी लिहायचो. दुसऱ्या वर्षी तू बोलता बोलता थांबलास आणि म्हणालास, "हे बी लिही. म्हण, गिबदादा, मी दोन पावलं सांगितले होते. पण पाहणारा मी एकटाच. मी पळत सुटलो, घाबरलो होतो. चार पावलं असतील, पाच असतील. चुकलं असेल तर तुमचा कप माझ्यामुळे गेला. माफ करजा." मी विचारलं, असं का वाटतं तुला? तू म्हणालास, "तुले नाही दिसलं ना. दोन माणसं उभे, एकाले दिसते, एकाले नाही दिसत. मंग मनात येतेच."

मी ते लिहिलं नाही. लिहिलं, यंदा केळी चांगली आली, पाऊस बरा आहे, वहिनींचा नमस्कार. तू खाली सही केलीस.

पुढच्या वर्षीही तू तेच सांगितलंस, मी पुन्हा केळीच लिहिली. गिबची उत्तरं मी तुला वाचून दाखवायचो. तो विचारायचा, वाळूत खेळताना मनगट सैल ठेवतोस ना? तू एकदा म्हणालास, "त्या गोष्टीबद्दल काहीच लिहीत नाही बे तो. मनात ठेवलं असेल. मोठा माणूस आहे, बोलत नाही." भागवत, त्या माणसाच्या मनात काहीच नव्हतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तू सात वर्षं मनात एक काटा घेऊन राहिलास, आणि तो मी तिथे ठेवला होता.

काविळीत तू आठच दिवस होतास. मी दुपारी आलो तेव्हा तू म्हणालास, "पाह्य, केळीवानी कसा पिकलो. उतरवा आता घड." हसलास, आणि मग तेच विचारलंस. या वेळी थट्टेत नव्हतं. "आता तरी सांग. मी खूण धरली होती, काय होती ते आठवत नाही. तुले काही आठवते?" माझ्या ओठावर आलं होतं. वहिनी काढा घेऊन आत आल्या. मी म्हणालो, आधी बरा हो, मग बोलू. तू मान हलवलीस. मी जे केलं ते एवढंच, की तुझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

तिसऱ्या दिवशी तू गेलास. खांदा द्यायला श्रीवास्तवजी पुढे होते, डांगरांचा तो वाडीवाला होता. तुझ्या हाकेने आलेली किती माणसं होती ती मी पाहिली.

आज सकाळी मी तुझी काठी घेऊन वाळवटीवर गेलो. श्रीवास्तवजी आधीच तिथे होते, चिंध्या उडाल्या होत्या त्या परत बांधत होते. मला पाहून जरा थांबले. मग म्हणाले, "आइए भाई साहब. एक कम पड़ रहा है." आणि लगेच तोंड फिरवलं. आम्ही दोघांनी उरलेल्या चिंध्या बांधल्या. मग त्यांनी विचारलं, "वो वाला क़िस्सा, बॉल वाला. भागवत जी आख़िर तक पूछते रहे. आप तो वहीं थे न?"

मी म्हणालो, "था. देखा था मैंने. जहाँ उसने कहा, ठीक वहीं था."

मला वाटलं होतं काही तरी बोलतील, निदान का म्हणून विचारतील. त्यांनी खिशातून तुझा एक बॉल काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी आयुष्यातला पहिला फटका मारला. बॉल जागचा हलला नाही, वाळू मात्र बरीच उडाली. तू असतास तर हसून हसून लोळला असतास.

घरी येऊन गिबला पत्र लिहिलं. तुझं जाणं कळवलं. तुझी ती वाक्यं, दोन वर्षांची, जशीच्या तशी इंग्रजीत घातली, आणि त्याखाली लिहिलं की हे मी दाबून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी मी समुद्राकडे बघत नव्हतो. सही माझी केली. उत्तर काय येईल ते येवो, आलं की वहिनींना वाचून दाखवीन, एक अक्षर न गाळता.

आणि तुझी खूण. ती मला पहिल्यापासून आठवत होती. शिंपला होता, भागवत. पांढरा, एका कडेला फुटलेला, गवतात उपडा पडलेला. बॉल त्याला लागून थांबला होता. तू उचललास तेव्हा तो शिंपला जरासा हलला होता, आणि परत ठेवताना तू आधी तो सरळ केलास आणि मग त्याला लावून बॉल ठेवलास. झेंड्यापासून दोन पावलं. मी मोजली होती.